प्रौढ विद्यार्थी बाबासाहेब आणि त्यांना सांभाळून घेणारे गुरुजन

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर परतताना काय घेऊन जातो, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. कोणी बुद्धमूर्ती नेतो, कोणी बाबासाहेबांची तसबीर नेतो. पण एकही पुस्तक न घेता परतणारे कुटुंब विरळाच. पुस्तकांच्या दुकानांपुढे लुगड्यातल्या वृद्ध माता उभ्या असतात. त्यांपैकी अनेकींना अक्षरओळख नसते. मुखपृष्ठावरील चित्र पाहून त्या पुस्तक निवडतात आणि पदराची गाठ सोडून पैसे मोजतात. एका वर्षी अशाच एका मातेने हातातले पुस्तक आमच्यापुढे धरून ते कशाचे आहे, अशी पृच्छा केली. ते बाबासाहेबांचे चरित्र होते. नातवंडांसाठी घेता काय, असे आम्ही सहज विचारले. त्यावर, नातवंडांना शाळेतून पुस्तके मिळतात, हे आपण स्वतःसाठी घेत आहोत आणि वाचता येऊ लागले की वाचणार आहोत, असे तिने शांतपणे सांगितले.

त्या उत्तराने आम्ही अंतर्मुख झालो. पुढच्याच महिन्यात आमच्या वस्तीतील विहारात प्रौढांचा सायंवर्ग सुरू झाला. धुणीभांडी करणाऱ्या भगिनी, बांधकामावरील मजूर, रिक्षाचालक, रात्रपाळीचे पहारेकरी अशी बावीस नावे पटावर आली. काहींना अक्षरओळख हवी होती, तर काहींना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा द्यायची होती. वर्षअखेर मोजदाद केली तेव्हा नऊच जण उरले होते.

या गळतीचे खापर आम्ही विद्यार्थ्यांच्याच माथी फोडले. यांना चिकाटी नाही, शिक्षणाची खरी भूक नाही, असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे झालो. एक पहारेकरी सलग तीन आठवडे आला नाही, म्हणून शाळेच्या सवयीप्रमाणे लाल शाईने त्याचे नाव पटावरून कमी केले. चौथ्या आठवड्यात तो गृहस्थ आला. त्याची पाळी बदलली होती. आज कशीबशी सुटी मिळवून तो आला होता. टेबलावर उघड्या पडलेल्या हजेरीपटावर त्याची नजर गेली. आपले नाव वाचण्याइतपत तो आमच्याच वर्गात शिकला होता. त्या नावावरची रेघ त्याने पाहिली, वाचायला नेलेले पुस्तक टेबलावर ठेवले आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. तो पुन्हा आला नाही.

इतिहासाचे शिक्षक म्हणून बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन आम्ही वर्गावर्गांतून शिकवले आहे. त्यांच्या पदव्यांची नामावळी आम्हांला मुखोद्गत आहे. मात्र त्या लाल रेघेनंतर तेच चरित्र आम्ही निराळा प्रश्न मनात ठेवून पुन्हा वाचावयास घेतले. बाबासाहेबांचे शिक्षण किती वेळा तुटण्याच्या बेतास आले होते, आणि प्रत्येक वेळी ते कोणी सांभाळले, हा तो प्रश्न. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या वाचनाचा गोषवारा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभीचे आधार

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे पहिले शिक्षक त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेच होते. लष्करी शाळेत त्यांनी अध्यापन केलेले होते. साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या बसकरावर बसून शिकलेला हा मुलगा मुंबईत आला, तेव्हा परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून रामजी रात्री दोन वाजता मुलाला उठवीत. पुस्तकांसाठी पैसा नसला की विवाहित मुलींचे दागिने मागून आणून गहाण ठेवीत. विद्यार्थ्याला शिकण्यासाठी वेळ, जागा आणि पुस्तक या तीन गोष्टी कोणीतरी मिळवून द्याव्या लागतात, हा धडा या घरात गिरवला गेला.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्यापूर्वीच चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाच्या नजरेस पडला होता. केळुसकर गुरुजी विल्सन हायस्कूलमध्ये शिकवीत. भीमराव त्यांच्या शाळेचे विद्यार्थी नव्हते. तरीही गुरुजींनी त्यांची आस्थेने चौकशी केली व त्यांना पुस्तके देण्यास सुरुवात केली. मॅट्रिकच्या यशाबद्दल झालेल्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या ग्रंथाने पेरलेल्या बीजाचा वृक्ष १९५६ मध्ये याच नागपुरात आपण पाहिला. केळुसकर गुरुजी भेट देऊन थांबले नाहीत. पुढील शिक्षणाचा खर्च रामजींच्या आवाक्याबाहेर जाताच त्यांनी भीमरावांना महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत पोहोचवले, आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात उपाहारगृहाचा चालक ज्या विद्यार्थ्याला पाणीही देत नसे, त्याला प्रा. म्युलर यांनी पुस्तके आणि कपडे पुरवले. १९१३ मध्ये भीमराव बी. ए. झाले.

शिष्यवृत्ती संपली, शिक्षण संपले नाही

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजींचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. मागे पत्नी रमाबाई, मुलगा यशवंत आणि सारे कुटुंब होते. विद्यार्थ्यानेच आपल्या तुटपुंज्या शिष्यवृत्तीतून घरी पैसे धाडावेत, अशी ती परिस्थिती होती. आमच्या सायंवर्गातील मंडळींना ही परिस्थिती समजावून सांगावी लागत नाही.

कोलंबिया विद्यापीठात त्यांना प्रा. एडविन सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. १९१६ मध्ये प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला आले, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी प्रवेश घेतला. येताना सेलिग्मन यांनी तेथील प्राध्यापकांना परिचयपत्र दिले होते. आपला विद्यार्थी आपल्या वर्गातून दुसऱ्याच्या वर्गात जात असताना त्याची ओळख पुढे पाठवणे हे वरकरणी किरकोळ काम आहे. पण अनोळखी देशात, अनोळखी संस्थेच्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा त्यामुळे केवढा संकोच दूर होत असेल, याची कल्पना करावी.

वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याहून परतण्याची सूचना आली. प्रबंधाचे काम अर्धवट होते, बॅरिस्टरीचा अभ्यास अर्धवट होता. १९१७ च्या ऑगस्टमध्ये भीमराव मुंबईस परतले. त्यांचे सामान, त्यात त्यांची पुस्तकेही, ज्या जहाजावर होते ते महायुद्धात पाणतीराने बुडवले गेले. बाहेरून पाहणाऱ्याला हा शिक्षणाचा शेवटच वाटला असता. परंतु निघण्यापूर्वी एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाने त्यांना ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची मुभा दिली होती. नाव कमी झाले नव्हते. जागा राखून ठेवली होती.

या मुभेचे मोल किती, हे आमच्यासारख्या तीन आठवड्यांत लाल रेघ ओढणाऱ्या शिक्षकाला अधिक कळते. तीन आठवडे कोठे आणि चार वर्षे कोठे!

परतीची तीन वर्षे

त्यानंतरचा काळ अतिशय खडतर होता. करारानुसार भीमराव बडोद्याला नोकरीसाठी गेले. परदेशी विद्यापीठांत शिकून आलेल्या या विद्वानाला कचेरीत शिपाई लांबून कागद फेकीत, आणि शहरात राहावयास घर मिळेना. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. मुंबईस परतल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. जात कळताच ग्राहक पांगले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन दरमहा साडेचारशे रुपये होते.

येथे बाबासाहेब स्वतः शिक्षकाच्या खुर्चीवर आले. अस्पृश्य प्राध्यापक काय शिकवणार, अशी अढी मनात धरून आरंभी विद्यार्थी त्यांच्या तासाला बसत. बाबासाहेब मात्र प्रत्येक तासाची कसून तयारी करून जात. थोड्याच दिवसांत अन्य महाविद्यालयांचे विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या वर्गात येऊन बसू लागले. दुसरीकडे, प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. ज्या इमारतीत पाणी पिण्याचीही लाज वाटायला लावली जाते, तेथे माणूस फार काळ टिकत नाही. शिकणारा असो वा शिकवणारा, त्याला तोडणारी पहिली गोष्ट बहुधा अपमान हीच असते. बाबासाहेब टिकले, कारण त्यांना लंडनला परत जायचे होते.

या काळातही त्यांचे घर पोयबावडीच्या चाळीतील दोन खोल्यांतच होते. वेतनातील ठराविक रक्कम घरखर्चासाठी रमाईंच्या हाती देऊन उरलेली ते लंडनसाठी साठवीत. प्रौढ विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा खर्च त्याचे सारे घर सोसत असते. रमाईंनी सोसलेल्या हालांवाचून पुढील पदव्यांची नोंद अपुरी राहते.

१९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झाले. मार्चमध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली, आणि एकोणतीस वर्षांचे बाबासाहेब या शहरात आले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, जुलै १९२० मध्ये, ते लंडनला निघाले. स्वतःची बचत, कोलंबियातील मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य एवढी शिदोरी होती. लंडन विद्यापीठाने दिलेल्या चार वर्षांपैकी जवळजवळ तीन वर्षे सरली होती. मुदत उलटण्याआधी विद्यार्थी परत वर्गात हजर झाला.

चुका दाखवणारा, तरीही हात न सोडणारा गुरू

लंडनमधील दिनक्रम सर्वश्रुत आहे. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते दिवसभर बसत आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत उठत नसत. १९२१ मध्ये ते एम. एस्सी. झाले. १९२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी. एस्सी.साठी सादर केला आणि पुढील अभ्यासासाठी ते जर्मनीत बॉन येथे गेले. १९२३ च्या प्रारंभी कॅनन यांचा निरोप आला. ब्रिटिशांच्या चलनविषयक धोरणावरील कठोर टीका परीक्षकांना रुचली नव्हती. निष्कर्ष कायम ठेवून प्रबंध नव्या मांडणीने लिहावा, असे ठरले होते.

याच वेळी पैसेही संपले. एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले. अनेक विद्यार्थी नेमक्या अशाच टप्प्यावर कायमचे सुटतात. घर गाठलेले असते, संसाराची निकड असते, आणि हाती आलेला कागद लाल खुणांनी भरलेला असतो. बाबासाहेबांनी मुंबईत बसून प्रबंध पुन्हा लिहिला व लंडनला पाठवला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डी. एस्सी. पदवी मिळाली. डिसेंबरमध्ये प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्याला प्रस्तावना कॅनन यांनीच लिहिली. विशेष म्हणजे, चलनव्यवस्थेविषयी बाबासाहेबांची मते कॅनन यांना सर्वस्वी मान्य नव्हती, आणि ते त्यांनी प्रस्तावनेत लपवलेही नाही. मतभेद ठेवूनही विद्यार्थ्याच्या स्वतंत्र विचाराचे त्यांनी मनापासून स्वागत केले.

कोलंबियाच्या पीएच. डी.ची कथा याहूनही लांबलेली आहे. त्या प्रबंधाचे मूळ काम १९१६–१७ चे. पण तो छापून प्रसिद्ध होईपर्यंत पदवी मिळणार नव्हती, आणि छपाईला पैसा नव्हता. १९२५ मध्ये तो ग्रंथ सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह निघाला. १९२७ मध्ये पदवी हाती आली, तेव्हा बाबासाहेब छत्तीस वर्षांचे होते आणि त्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला होता. एका पदवीला दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत सेलिग्मन यांनी हा विद्यार्थी आपल्या यादीतून काढला असता, तर ती प्रस्तावना लिहिली गेली नसती.

येथे आमच्या विदर्भाच्या मातीतील एका मातेचे स्मरण होते. उमरेडला जन्मलेल्या जाईबाई चौधरी नागपूर–कामठीदरम्यान हमालीची ओझी वाहत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी भगिनीने हे पाहिले, त्यांना शिकवले आणि शिक्षिकेची नोकरी दिली. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्ण पालकांनी मुले पाठवणे बंद केले आणि ती नोकरी गेली. जाईबाईंनी हार मानली नाही. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. लंडनमध्ये बाबासाहेब ग्रंथालयात बसलेले असताना इकडे नागपुरात एक हमाल स्त्री मुख्याध्यापिका होत होती. दोघांच्याही मागे वेळेवर हात देणारे शिक्षक होते, आणि दोघांनीही तो हात पुढच्या पिढीला दिला.

मिळाले ते संस्थेत रुजवले

बाबासाहेबांनी आपल्या अनुभवाचा उपयोग केवळ आठवणी सांगण्यासाठी केला नाही. जेथे जेथे आपले शिक्षण तुटता तुटता वाचले, तेथे तेथे त्यांनी पुढच्यांसाठी व्यवस्था उभी केली. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह उघडले. १९२८ मध्ये दलितवर्ग शिक्षण समाजाची स्थापना करून त्यांनी वसतिगृहांच्या कामाला वेग दिला. स्वतः वकिली करीत असतानाच १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या लेखाशिक्षण संस्थेत ते अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवीत. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली, आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. आरंभी ते मरीन लाइन्स येथील लष्करी बराकींत भरे. नंतर फोर्टमधील आनंद भवन व बुद्ध भवन येथे आले. या महाविद्यालयाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे त्याची वेळ. वर्ग सकाळी भरवले गेले. सकाळी शिकावे आणि दिवसा कचेरीत, दुकानात, कारखान्यात जाऊन पोट भरावे, अशी ती योजना होती. मुंबईतील हजारो तरुणांना शिक्षणाची इच्छा होती. ज्या वेळी महाविद्यालये उघडी असत, त्याच वेळी त्यांना मजुरीवर असावे लागे. बाबासाहेबांनी विद्यार्थ्याची नोकरी सोडवली नाही, महाविद्यालयाचे घड्याळ फिरवले. पुढच्याच वर्षी सिद्धार्थ रात्रशाळा निघाली. १९५३ मध्ये वाणिज्य महाविद्यालय, आणि महापरिनिर्वाणाच्या वर्षी, १९५६ च्या जूनमध्ये, विधि महाविद्यालय सुरू झाले. या संस्थांची दारे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना उघडी होती.

मुंबईपुरते हे काम थांबले नाही. निजामी राजवटीतून नुकत्याच मुक्त झालेल्या मराठवाड्यातील तरुणांना पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले; पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. ही नावे शिक्षकांनी नीट समजून घ्यावीत, अशी आहेत. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील राजा मिलिंद हा प्रौढ विद्यार्थीच आहे. तो शंका काढतो, वाद घालतो, उत्तरात पळवाट शोधतो. भदंत नागसेन त्याच्या प्रश्नांनी चिडत नाहीत. राजाधिकार बाजूला ठेवून विद्वानासारखी चर्चा करण्याची एकच अट ते घालतात, आणि मग ज्या रथात बसून राजा आला त्याच रथाचा दाखला घेऊन अनात्म समजावतात. शिकणाऱ्याच्या रोजच्या वापरातील वस्तूपासून धडा सुरू करावा, ही अध्यापनपद्धती आपल्या परंपरेत दोन हजार वर्षांची आहे.

दाराशी थांबवणारे शास्ते

पाली अट्ठकथेतील चूळपंथकाची कथा आम्ही लहानपणी विहारात ऐकली होती. तिचा अर्थ मात्र त्या पहारेकऱ्याने शिकवला. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. त्याचा वडील भाऊच त्याचा शिक्षक होता. हा शिकण्याच्या योग्यतेचा नाही, असे ठरवून त्याने धाकट्याला संघ सोडून घरी जाण्यास सांगितले. पहाटे तो निघाला, तेव्हा तथागत दाराशी भेटले. त्यांनी त्याला परत नेले, गाथा पाठ करण्याचा आग्रह सोडून दिला आणि त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले. ते हाताने चोळत राहावे, एवढेच काम सांगितले. वस्त्र मळत गेले तसतशी त्या हातांच्या धन्याला अनित्यता उमगत गेली. त्याच विद्यार्थ्याला निराळ्या वाटेने तोच धडा मिळाला. भावाने त्याची मोजणी पाठांतरावर केली होती. शास्त्यांनी आधी त्याला दाराशी थांबवले आणि मग त्याला जमेल असे साधन शोधले.

बाबासाहेबांच्या चरित्रात आम्हांला अशीच माणसे पावलोपावली भेटतात. केळुसकर दुसऱ्या शाळेच्या मुलाची विचारपूस करतात. म्युलर पुस्तकासोबत कपडेही देतात, कारण अंगावर धड वस्त्र नसलेला विद्यार्थी वर्गात यायला संकोचतो. सेलिग्मन त्यांची ओळख पुढच्या शिक्षकाकडे पोहोचवतात. कॅनन वेळ राखून ठेवतात, प्रबंध परत आल्याचे वेळीच कळवतात आणि मतभेद असूनही ग्रंथाला प्रस्तावना देतात. बाबासाहेबांची प्रज्ञा आणि कष्ट अलौकिक होते, यात शंका नाही. त्या प्रज्ञेलाही परतीची वाट मोकळी लागली. मग दिवसभर राबून संध्याकाळी पाटीपुढे बसणाऱ्या आमच्या भगिनींना ती किती लागत असेल!

या वाचनानंतर आमच्या विहारातील वर्गात काही साधे बदल झाले. वर्ग एकाच वेळी न भरवता आता आठवड्यातील काही दिवस सकाळी आणि काही दिवस सायंकाळी भरतो, म्हणजे पाळी बदलली तरी शिकणे थांबत नाही. दोन दिवस कोणी आले नाही, तर तिसऱ्या दिवशी आमच्यापैकी एक जण घरी जाऊन येतो. जाब विचारायला नव्हे, झालेला धडा सांगायला. वहीत लाल शाई वापरणे आम्ही बंद केले. चूक दाखवली की तीच ओळ पुन्हा लिहिण्यास वेळ देतो, आणि दुसऱ्यांदा लिहिलेली ओळच तपासतो. सासूच्या आजारपणामुळे, बाळंतपणामुळे, कामाच्या गावी गेल्यामुळे कोणी थांबले, तर त्यांच्या नावापुढे परतीचा अंदाजे महिना लिहून ठेवतो. तो महिना आला की निरोप धाडतो. या वर्षी चोवीस नावांपैकी सतरा जण वर्गात आहेत. चौघांच्या नावापुढे परतीचा महिना लिहिलेला आहे. उरलेल्या तिघांकडे जाणे अद्याप चालू आहे.

दीक्षाभूमीवर भेटलेल्या त्या मातेने बाबासाहेबांचे चरित्र आता अर्धे वाचून संपवले आहे. जोडाक्षरे आली की त्या थांबतात, शेजारच्या मुलीला विचारतात आणि पुढे जातात. लंडनहून परतावे लागले, त्या पानापर्यंत त्या पोहोचल्या आहेत. पुढे काय झाले, हे आम्ही सांगू लागलो तेव्हा त्यांनी हात वर करून आम्हांला थांबवले. ते त्यांना स्वतः वाचायचे आहे.

त्या पहारेकरी बांधवाचा शोध आम्ही घेतला. ती वस्ती सोडून ते कोठे गेले, हे कोणाला सांगता आले नाही. त्यांनी परत केलेले पुस्तक वर्गाच्या कपाटात आहे. जुन्या पटावरील ती लाल रेघ पुसता येत नाही, म्हणून नव्या पटात आम्ही त्यांचे नाव पुन्हा लिहिले आहे. परतीच्या महिन्याची जागा मोकळी ठेवली आहे.

या निवासी शाळेत घडणारी मुले उद्या शिक्षक होतील. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी वर्गात, कोणत्यातरी गावी, ते गृहस्थ कदाचित येऊन बसतील. त्या शिक्षकाने त्यांना एवढे दिवस कोठे होता, असे विचारू नये. पुस्तक उघडून द्यावे आणि जेथे थांबले होते तेथून शिकवायला सुरुवात करावी, एवढीच आमची या भावी शिक्षकांना विनंती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!